ओटीतला विस्तव

पोटातलं मूल गेलं, नवरा मुंबईला निघून गेला, आणि त्या हिवाळ्यात कश्मिराला एक स्वप्न पडलं. ओटीत धगधगता विस्तव घेऊन ती जिना उतरते आहे. नवरा वाकून बघतो आणि पळत सुटतो. प्रबंधासाठी ती जपानात, क्योतोत राहत होती. तिथे मन मोकळं करावं असं एकच माणूस होतं, विद्यापीठातला मनोविश्लेषणाचा मराठी संशोधक अंबरीष. नदीकाठी सायकली लावून तिनं त्याला सगळं सांगितलं.

वसंतात अंबरीषचं व्याख्यान ठरलं: पुराणकथा आणि स्त्रीमन. त्याला जपानी येत नसे, म्हणून दुभाषी कश्मिरा. त्यानं भाषण आधी वाचायला पाठवलं. त्यात अग्नीला जन्म देताना मेलेली, आपलं पाताळातलं रूप पाहून पळालेल्या नवऱ्यामागे धावणारी जपानी देवी होती. आणि शेजारी ‘माझी एक रुग्ण’, ओटीत विस्तव घेतलेली. निष्कर्ष असा, की या बाईला मुळात आई व्हायचंच नव्हतं.

तिनं फोन केला. “ही मी आहे ना?”

“नाव कुठे घातलंय?” तो हसला. “अगं, मनोविश्लेषणातल्या पहिल्या दिग्गजांनी हेच केलं. बायकांच्या स्वप्नांवर सिद्धांत उभे राहिले. तुझा प्रबंध त्यावरच आहे की.”

“बरं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला. प्रबंध त्यावरच होता, पण त्या बायकांच्या बाजूनं.

सभागृह भरलं होतं. देवीची कथा तिनं चोख जपानीत आणली. अंबरीष ‘माझी एक रुग्ण’ म्हणाला, तेव्हा तिनं माइक जवळ ओढला.

“ही बाई मी आहे,” ती जपानीत म्हणाली. “मी यांची रुग्ण कधीच नव्हते. मैत्रीत सांगितलेलं स्वप्न मला न विचारता हे वापरताहेत. मला ते मूल हवं होतं.”

कुणी हललं नाही. भाषण रंगलंय असं समजून अंबरीषनं आपला निष्कर्ष सांगितला. तो मात्र तिनं शब्दही न बदलता जपानीत सांगितला.

विभागप्रमुख यामाशिता-सेन्सेई उठून काहीतरी थोडक्यात बोलले.

“काय म्हणतायत?” अंबरीषनं हळूच विचारलं.

“त्या बाईची परवानगी घेतली होती का, विचारतायत. काय सांगू?”

त्याचा चेहरा उतरताना तिनं डोळे भरून पाहिला.

चौकशी झाली, त्याचा करार वाढला नाही. जाण्याआधी तो तिला बसस्टॉपवर भेटला.

“मला एकट्याला बजावलं असतंस, तर काढलं असतं मी ते.”

“विचारलं होतं. तू हसलास.”

बस आली. आत बसल्यावर आपल्याला थोडं तरी वाईट वाटेल, अशी तिची समजूत होती. पण तिला सपाटून भूक लागली होती.