न रडता सुजलेले डोळे

काजळाची कांडी पापणीच्या कडेला टेकली, जराशी आत गेली, आणि उचलल्यावरही तिथला बारीक खळगा तसाच राहिला. गौतमी आरशाजवळ सरकली. तो भरून यायला किती वेळ लागतो हे मोजायचं नाही असं ठरवूनही ती मोजत होती — सात, आठ... डोळ्यांखाली पाणी धरल्यासारखं झालं होतं, वरच्या पापण्या जड, आणि मधल्या फटीतून तिच्याकडे बघणारे डोळे तिचे नव्हते, अमोलदादाचे होते.

सलग चौथी सकाळ. पहिल्या दिवशी तिनं जागरणाला दोष दिला, दुसऱ्या दिवशी जेवणातल्या पापड-लोणच्याला, तिसऱ्या दिवशी कशालाच देता आला नाही, आणि मग ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात रक्त आणि लघवी देऊन आली. रिपोर्ट आज मिळणार होता.

दादाचंही असंच सुरू झालं होतं. बार्शीच्या घरी, मोरीपाशी चूळ भरून त्यानं वर पाहिलं की चेहरा भरलेला दिसायचा, आणि आई म्हणायची, रात्री मोबाइल बघत बसतोस, दुसरं काय... मग पायांवर सूज, मग लघवीला फेस, आणि कुणाच्या नीट लक्षात येईपर्यंत दोन्ही किडन्या गेलेल्या. आता डायलिसिस. बारा दिवसांपूर्वी अपेक्षावहिनीचा फोन आला होता. डॉक्टर म्हणतात सख्ख्या भावंडाची किडनी जुळायची शक्यता जास्त, तुम्ही एकदा तपासून घेता का — इतकंच, अगदी हळू आवाजात. मी म्हणाले, सुट्टी बघते, गौतमीला आठवलं. सुट्टी मी बघितली नाही. दादानं स्वतः कधीच विषय काढला नाही. तो फोनवर फक्त विचारतो, जेवलीस का.

खाली पायरीवर घरमालकीण रंभाबाई घेवडा निवडत बसल्या होत्या. याच जागेवर त्यांचं भाताचं खाचर होतं, आता तीन मजले आणि अकरा भाडेकरू. त्यांनी गौतमीचा चेहरा नीट न्याहाळला.

"भावापायी रडत बसतीस व्हय गं रातभर?"

गौतमी चपलेचा पट्टा लावायला वाकली.

"रडून काय व्हनार हाय बाई. पर माया हाय तुझी, दिसतंय."

मारुंजीच्या रस्त्यावर विटांचे टेम्पो खोळंबले होते, दुचाक्या चिखलातून वाट काढत होत्या, आणि गौतमी चालताना त्या एका वाक्यापाशी अडखळत होती — माया हाय तुझी. ती एकदाही रडली नव्हती. परवा व्हिडिओ कॉलवर वहिनीही म्हणाली होती, ताई, रडू नका, आणि मी मान खाली घातली होती, जणू खरंच... न रडलेल्या रडण्याचं श्रेय मी मुकाट्यानं घेतलं.

दवाखान्याच्या बाकावर तिच्या आधी चौघे होते. मलाही तेच झालं असेल तर? ती सुई, ते यंत्र, आठवड्यातले ते दिवस, सकाळी सकाळी आईनं माझ्याकडे बघणं... आणि या भीतीच्या पोटातूनच, कुणी न बोलावता, दुसरं एक वाक्य वर आलं: मग मला द्यावी लागणार नाही. वाक्य संपलं तेव्हा तिच्या खांद्यांवरचा ताण सैल पडला होता. हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती इतकी दचकली की शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. नाही, मी असं म्हटलं नाही. मला ऑपरेशनची भीती वाटते, पोटावर वीतभर टाके, उद्या लग्नाचं बघताना लोक काय म्हणतील, ही भीती कुणालाही वाटेल... पण खांदे अजून सैलच होते.

डॉक्टर आशालता मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिलं, खाज येते का विचारलं, झोप किती, मीठ किती, घरासमोर बांधकाम चालू आहे का, हल्ली फार रडणं झालंय का. शेवटच्या प्रश्नाला गौतमी पहिल्यांदाच खरं बोलली — नाही. मग त्यांनी रिपोर्ट वाचला.

"लघवी स्वच्छ आहे, क्रिएटिनिन उत्तम, थायरॉइडही ठीक. बहुतेक धुळीची ॲलर्जी असणार, त्यात झोप कमी. थेंब लिहून देते. किडन्या ठणठणीत आहेत तुमच्या."

"पुन्हा एकदा तपासायचं का?"

"कशासाठी?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं, म्हणूनच तिला देता आलं नाही. डॉक्टरांना तो काळजीचा प्रश्न वाटला असावा. त्या हसल्या आणि घाबरू नका म्हणाल्या.

बाहेर ऊन होतं. चिठ्ठी हातात घेऊन ती मेडिकलच्या दारात उभी राहिली, आत गेली नाही. चार दिवस ती आरशातल्या चेहऱ्याला भीत होती, आणि तो चेहरा आता निर्दोष सुटला होता. तिचा हात आपोआप कमरेवर मागच्या बाजूला गेला, बरगड्या संपतात तिथं. आत काहीच जाणवत नव्हतं, ना दुखणं, ना ओझं. तिथं तिच्या किडन्या तिला न विचारता, न थकता आपलं काम करत होत्या — धडधाकट, दोन. आजवर तिनं त्यांना कधी मोजलं नव्हतं. आता मोजल्यावर तो आकडा काही केल्या मनातून जाईना, आणि तिला, भर उन्हात, स्वतःच्या निरोगी अंगाची भीती वाटू लागली.