दुचाकीवर लिहिलेला पासवर्ड

समीक्षाच्या फॉर्म सेंटरचं शटर भगवानकाकांनी स्वतःच्या हातानं अर्धं खाली ओढलं, तेव्हा तिचं डोकंच फिरलं. औशाच्या बसस्टँडसमोरचं हे दुकान चार वर्षं ती एकटी चालवत होती. भरतीचे अर्ज, जातीचे दाखले, सगळं तिच्याकडं. अन् आता काय, तर सायबर पोलिसांची नोटीस! तिच्या नेटवरून कुण्या नालायकानं मुलींचे फोटो लावून खोटी खाती काढली होती.

"चौकशी संपेस्तोवर बंद ठेव, पोरी. बाजाराची अब्रू चाललीय," भगवानकाका म्हणाले. शेजारचं बियाण्याचं दुकान त्यांचं, अन् व्यापारी संघाचे अध्यक्षही तेच.

सोबत संगमेश उभा होता. बाजारातल्या चाळीसेक दुकानांत वायफायचे डबे त्यानंच बसवलेले. "म्या बराबर बसवलं होतं. हिनंच पासवर्ड गावभर वाटला आसंल," तो खुशाल म्हणाला. वा रे बहाद्दर!

समीक्षानं शटर धाडकन वर ढकललं.

"वाटला की! वायफायचा पासवर्ड गिऱ्हाइकाला द्यावाच लागतो. पण डब्याच्या सेटिंगचा पासवर्ड निराळा ऱ्हातो. तो तुम्ही मला कधी सांगितलाच न्हाई, संगमेशभाऊ. काल माझी मीच शोधला. आत बघते तर 'पाहुणा' नावाचं दुसरंच वायफाय चालू, बिनापासवर्डचं! ते मी केलेलं न्हाई."

"मंग कुणी केलं?" काकांनी विचारलं.

"ज्याला वाचता येतं त्यानं."

तिनं बाहेर बोट दाखवलं. संगमेशच्या दुचाकीच्या मागं लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आईची कृपा'. खाली गाडीचा नंबर.

"काका, तुमच्या दुकानात चला. तुमच्याच फोनवर डब्याची सेटिंग काढा, अन् पासवर्ड तुमच्याच हातानं टाका. इंग्रजीत आईची कृपा, अन् पुढं गाडीचे चार आकडे."

"आवो काका, कशाला उगं..." संगमेशचं तोंड एवढंसं झालं.

दुकानात जाऊन काकांनी चष्मा पुसून एकेक अक्षर दाबलं. सेटिंग उघडली. वर त्यांच्या दुकानाचं नाव, अन् खाली 'पाहुणा'. काका मटकन पोत्यावर बसले.

"चाळीस पासवर्ड कोण ध्यानात ठेवणार?" संगमेश पुटपुटला. समीक्षाला त्याच्या मुस्काटात मारावंसं वाटलं. तिनं हात आवरला.

"सेटिंगमधलं काही मिटवू नका. माझ्या डब्याचं पान छापून ठेवलंय, तुमचंही छापते. आजच पोलिसांना द्यायचं. मंग चाळीसही दुकानांचे पासवर्ड बदलायचे, ज्याचा त्यानं."

काकांनी हळूच विचारलं, "पोरी, मला तर दुकान बंद ठेवावं लागणार न्हाई ना?"

"तुमचं शटर कुणी ओढलं का, काका?"

"न्हाई."

"मंग माझ्या शटरला परत हात लावायचा न्हाई."

ती आपल्या दुकानात आली. दाराशी तिघी जणी अर्ज घेऊन थांबल्या होत्या.

"या आत," ती म्हणाली. "दुकान चालू हाय."