शिंगांचा घोडा

शहादेव जाऊन अकरा महिने झाले होते. वर्षाच्या आत त्याचा चांदीचा टाक करून वर्षश्राद्धाला देवघरात बसवायचा, ही घराण्याची रीत. टाक म्हणजे बोटभर पत्र्यावर उठवलेली गेलेल्या माणसाची मूर्त. आष्टीच्या राधाकिशन सोनाराकडं त्यासाठी एकच ठसा होता: घोडेस्वार, हातात तलवार. पंचक्रोशीतले सगळे पूर्वज त्याच एका घोड्यावर बसलेले.

पंचाईत अशी की शहादेव घोड्याला जाम भ्यायचा. स्वतःच्या लग्नात वेशीपाशीच तो घोड्यावरून पडला आणि मांडवापर्यंत चालत गेला. ते पाहून धाकट्या भावानं, मोहनरावानं, पुढं आपल्या लग्नात घोडाच आणू दिला नाही. तहसीलदारसाहेबांचा घोडा गावात शिरला, की शहादेव कडब्याच्या गंजीआड. अन् हाच बाबा ढवळ्या बैलाच्या पाठीवर बसून, गाणी म्हणत मळ्यातून घरी यायचा.

त्याच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, पायातली उतरवलेली जोडवी सोनारापुढं ठेवली.

"ह्याचाच टाक करा. पर घोडा नगं."

सोबत आलेला मोहनराव चमकला. "वैनी, कायबी काय बोलता? पूर्वज घोड्यावरच असतो."

"रोज सकाळी दिवा मी लावणार, भाऊजी. मला माझा माणूस दिसाया पायजे. ह्या घोडेस्वाराला मी वळखत न्हाई."

 मोहनराव हळूच म्हणाला, "दादाला जल्मभर लोक हसले. एकदा तरी त्यो घोड्यावर दिसावा, आसं वाटतं मला."

मंजुळाबाईला गलबलून आलं. दिराच्या मनातला हा सल तिला आजवर ठाऊकच नव्हता.

"लोकांच्या आधी ते सोता हसायचे," ती म्हणाली. "त्या हसण्यावरच माझा जीव होता."

राधाकिशन दोघांकडं बघत राहिला. नवा ठसा कोरायचा त्याला भारी कंटाळा. त्यानं जोडवी आटवली, पत्रा काढला आणि त्याच जुन्या ठशावर ठोकला. मग बारीक छिन्नी घेऊन घोड्याच्या डोक्यावर दोन शिंगं उठवली, मानेमागं वशिंड काढलं, तलवार घासून तिची काठी केली.

"घ्या. झाला बैल."

मंजुळाबाईनं टाक उजेडात धरला. "ढवळ्याच हाय," असं म्हणून ती पदरानं डोळे पुसत हसली. मोहनरावानं मात्र टाकाकडं न बघताच पायताणं चढवली.

वर्षश्राद्धाला भावकी जमली. सगळ्यांत वडील आसारामकाका. त्यांनी टाक डोळ्यांजवळ नेऊन नीट न्याहाळला.

"मोहन, घोड्याला शिंगं काहून रं?"

मंजुळाबाईनं दिराकडं पाहिलं.

"बैल हाय त्यो, काका," मोहनराव म्हणाला. "आमचा दादा घोड्यावर कवा बसला?"

भावकी खो खो हसली. आसारामकाकांना तर ठसका लागला. मोहनरावही हसला आणि हसता हसता त्याला रडू आलं. त्यानं टाक स्वतःच्या हातानं देवघरात बसवला, डोकं टेकवलं.

उठताना तो म्हणाला, "वैनी, मला मात्र बिनशिंगाच्या घोड्यावर बसवा बरं का."

"बसवू की," मंजुळाबाई वात सारत म्हणाली. "आधी जिते असताना बसून दाखवा."