हात बसेपर्यंत

चिरंजीवांना पंचावन्नावं वर्ष लागलं होतं, गुडघे कुरकुरत होते, खोक्यांच्या कारखान्यात कोठारावर त्यांच्या हाताखाली तीन माणसं होती. तरी घरात ते चिरंजीवच. हे नाव बाबांनी ठेवलेलं, आणि त्यात लाडाचा अंश कणभरही नव्हता. ‘चिरंजीव उठले का?’ ‘चिरंजीवांना विचारा, खिळा सरळ ठोकता येईल का?’ असल्या वाक्यांतच ते यायचं.

बाबा जन्मभर एका कचेरीत नकाशे काढत. पूर्ण तावाच्या कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत शाईची रेघ एका श्वासात ओढायची आणि मगच श्वास सोडायचा, असा त्यांचा खाक्या. त्याच हातानं रोज सकाळी सातला ते वस्तऱ्यानं दाढी करत. खरा वस्तरा, हाडाच्या मुठीचा. चिरंजीव अठरा वर्षांचे झाले तेव्हा बाबांनी तो एकदा त्यांच्या हाती दिला होता. दुसऱ्याच मिनिटाला कानाखालून रक्त. बाबांनी वस्तरा काढून घेतला, पुसला, पात्याला काही झालं नाही ना ते उजेडात धरून पाहिलं, आणि त्यानंतर कानाकडे पाहिलं.

“तुला हात नाही,” एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून चिरंजीवांनी दाढी ठेवली. छत्तीस वर्षं ठेवली, पार छातीपर्यंत. कारखान्यात लोकांना वाटे, गृहस्थ विचार करणारा दिसतो. आत विचारबिचार काही नव्हता, नुसता रुसवा होता.

मग बाबांना झटका आला आणि उजवा हात गेला. तिसऱ्या दिवशी शुद्ध नीट आली तेव्हा त्यांनी डाव्या हातानं गाल चाचपला, पांढरे खुंट लागले, आणि सूनबाईंनी पुढे केलेली पेजेची वाटी बाजूला सारली.

“असल्या तोंडानं जेवत नसतात.”

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला बोलावलं. त्यानं पिशवीतून वस्तरा काढला, पुडीतलं ब्लेड मोडून अर्धं त्यात सरकवलं. बाबांनी ते पाहिलं.

“उचला हे. यानं पाकिटं फोडतात.”

“काका, आता सगळीकडे हेच चालतं. तुमच्यासारखं हत्यार मी वीस वर्षांपूर्वी ठेवून दिलं. हात राहिला नाही तसा, कापायचो मी तुम्हाला.” मग त्यानं चिरंजीवांकडे पाहिलं. “साहेब, शिकवायला मात्र शिकवीन. करायचं तुम्ही.”

“तो?” बाबा अर्ध्या तोंडानं हसले. ते हसू पूर्ण तोंडाच्या हसण्यापेक्षा वाईट होतं. मग भिंतीकडे पाहून म्हणाले, “शिकू दे. आधी स्वतःचं काय ते काप म्हणावं. सलग सात दिवस एक ओरखडा नाही, मग माझ्याजवळ ये.”

तोवर सलूनवाल्यानं दर दोन दिवसांनी येऊन गवत कापतात तसं मशीन फिरवावं, असं ठरलं, आणि बाबांनी वाटी ओढून घेतली.

सात दिवस. अट ऐकून चिरंजीवांना, त्यांची त्यांनाच लाज वाटावी, असा आनंद झाला. छत्तीस वर्षांनी परीक्षा पुन्हा लागली होती.

शिकायचं तर गाल हवा. कोठारावरची माणसं त्यांच्या शब्दावर शंभर खोकी इकडची तिकडे करत, गळा पुढे करायला कोणी तयार होईना. “माझ्या तोंडावर दाढी असती तर दिली असती हो,” सूनबाई म्हणाल्या. तेव्हा स्वतःचीच काढणं भाग होतं. कात्रीनं छत्तीस वर्षं वर्तमानपत्रावर पडली. खालून निघालेली हनुवटी लहानशी, मऊ, आईवर गेलेली. सूनबाई दारात आल्या आणि हात तोंडावर ठेवून म्हणाल्या, “अगं बाई! मी कुणाशी लग्न केलं होतं?”

पहिल्या सकाळी त्यांनी खिळ्याला चामड्याचा पट्टा अडकवला आणि सुरी घासतात तसा वस्तरा धार पुढे करून त्यावर ओढला. पट्टा चरचरला. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, “उलटं! पाठ पुढे, धार मागे! लोणी फासतोस तसं. कापू नकोस त्याला!” त्यांना न पाहता कळलं होतं, नुसत्या आवाजावरून. पट्ट्यावर तीन चिरा पडल्या होत्या आणि धार दुमडली होती. सलूनवाल्यानं दगडावर तासभर घालवून ती परत आणली आणि एका शब्दानं बोलला नाही, हे चिरंजीवांना जास्त लागलं.

कोठाराच्या जुन्या नोंदवहीचं एक पान त्यांनी घेतलं. माल आला-गेला लिहायच्या सवयीनं तीन रकाने पाडले. तारीख, जखमा, जागा. पहिल्या दिवशी अकरा.

“पातं निजवा, साहेब,” सलूनवाला मागून सांगे. “उभं केलं की चावतं. कातडी डाव्या हातानं ताणा. घाई करायची तर गालावर करा, गळ्याशी नको.”

नऊ. बारा. सात. कारखान्यात त्यांच्या तोंडावर कागदाचे कपटे चिकटलेले पाहून हमाल म्हणाले, “साहेब, मांजर पाळलंय का?” साहेब हसले. पूर्वी हसले नसते.

कारण रोज संध्याकाळी ते बाबांच्या पलंगापाशी जात, आणि बाबा विचारत, “आज किती?”

“चार.”

“कुठं?”

“हनुवटीला.”

“वळणावर थांबतोस तू. थांबायचं नाही, हात हलका करायचा.”

एवढंच. पण या दोघांचं उभ्या आयुष्यात याहून लांब बोलणं झालं नव्हतं. चिरंजीव जेवताना ते मनात पुन्हा बोलून पाहत. सूनबाई विचारत, काय पुटपुटताय? ते म्हणत, काही नाही.

सहाव्या आठवड्यात रकान्यात शून्य पडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य. बाबांनी ‘आज किती’ विचारलं आणि उत्तर ऐकून नुसती मान हलवली, तर चिरंजीवांना रात्री झोप लागली नाही.

पाचव्या शून्याच्या दिवशी बाबांना दुसरा झटका आला. लहानसाच, डॉक्टर म्हणाले. बोलणं दोन दिवसांत आलं. जेवण आलं. डॉक्टरांनी चिरंजीवांना बाहेर नेऊन सांगितलं की आता महिना म्हणा, फार तर दीड. चिरंजीवांनी मान डोलावली. सहावा दिवस शून्य होता. सातवाही. धावाधावीतही त्यांनी खंड पडू दिला नव्हता, दवाखान्याच्या बेसिनपाशी उभं राहून केली होती.

बाबांना घरी आणलं त्याच्या दुसऱ्या सकाळी ते गरम पाणी, ब्रश, साबणाची वाटी आणि वस्तरा घेऊन खोलीत गेले. नोंदवहीचं पान खिशात होतं, दाखवायला.

बाबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “या,” म्हणाले. “नवीन दिसता.”

चिरंजीवांना वाटलं, टोमणा. सात दिवस पूर्ण केले तर एवढं चालायचंच. त्यांनी हसून टॉवेल मानेभोवती घातला.

“आमच्या चिरंजीवांनी पाठवलं ना? त्याला स्वतःला जमेना, म्हणून.”

ब्रश वाटीत फिरायचा थांबला. बाबांच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. परक्या कारागिराकडे पाहावं तसं सभ्य, थोडं संकोचलेलं पाहणं होतं. त्यांनी फेस लावला.

आणि पातं गालाला टेकवताना त्यांना दुसरी गोष्ट कळली. दीड महिना ते आरशात शिकले होते. समोरच्या माणसाचा गाल उलटा असतो. कोपर कुठं न्यायचं, अंगठा कुठं दाबायचा, सगळं फिरलं होतं. मग का कोण जाणे, त्यांनी श्वास रोखला. पातं निजवलं. कानापासून हनुवटीपर्यंत एक पट्टा स्वच्छ निघाला. श्वास सोडला. पुन्हा घेतला. पाऊण तास लागला. एक थेंब रक्त नाही.

बाबांनी डाव्या हातानं दोन्ही गाल, हनुवटी, गळा सावकाश तपासला. नकाशा तपासत तसा.

“हात आहे तुम्हाला,” ते म्हणाले. “कुणी शिकवलं? वडलांनी?”

चिरंजीवांच्या तोंडून निघून गेलं, “बाबा, मी आहे.”

बाबा दचकले. डोळे मोठे झाले, डावा हात गळ्याकडे गेला. “हा त्याच्यासारखा का बोलतो? सूनबाई! सूनबाई, हा कोण? चिरंजीवाची नक्कल करतोय!” वस्तरा अजून चिरंजीवांच्या हातात होता. सूनबाई धावत आल्या, त्यांनी तो आधी काढून घेतला. “अहो बाबा, हेच ते. तुमचा मुलगा.”

बाबांनी पुन्हा पाहिलं. मग अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, “सूनबाई, माझ्या मुलाला दाढी आहे.”

डॉक्टर म्हणाले, होतं असं. चेहरा हरवतो, आवाज राहतो. दाढी परत आली तर ओळखतील, या आशेनं चिरंजीवांनी चार दिवस स्वतःची दाढी केली नाही. पाचव्या दिवशी बाबांनी मान फिरवली. “ज्याला स्वतःची करता येत नाही, त्याच्या हाती मी गाल देत नाही.” त्या दिवशी त्यांनी जेवण घेतलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. छातीपर्यंतची दाढी यायला वर्ष लागतं आणि हाती महिनाही नव्हता. चिरंजीवांनी ही वजाबाकी दोनदा करून पाहिली, सवयीप्रमाणे, आणि आरशापुढे उभे राहिले.

मग रोजचं ठरून गेलं. साडेसहाला ते बोळात दाराआड उभे राहून म्हणत, “बाबा, झोप लागली का?” आतून येई, “चिरंजीव का? लागली. कारागीर आला की पाठव.” ते “बरं” म्हणत. पाच मिनिटं थांबत. मग वाटी घेऊन आत जात आणि तोंडातून अक्षर काढत नसत. बाबा बोलत. मुक्या माणसाशी मोकळं बोलता येतं. “आमचा मुलगा शिकत होता हो. अकरावरून शून्यावर आला. मी त्याला काही म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं का?” कारागीर मान हलवी. मान होकारार्थी हलली की नकारार्थी, बाबा पाहत नसत.

शेवटच्या आठवड्यात बाबांचा आवाज अगदी खोल गेला होता. एका सकाळी उजवा गाल झाला, आणि त्यांनी कारागिराचं मनगट धरलं.

“थांबा. अर्धी राहू द्या. त्याला बोलवा. तुमचा हात वळणावर कसा हलका होतो ते त्यानं बघायला हवं. मला सांगून दाखवता आलं नाही.”

बाबांनी दाराकडे तोंड करून, होती नव्हती तेवढी ताकद लावून हाक मारली, “चिरंजीव!”

इथून उत्तर दिलं तर म्हातारा भीतीनं जाईल. चिरंजीव वस्तरा मिटून बोळात गेले. स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. “जा ना आत,” त्या ओठांनीच म्हणाल्या. “कसं?” तेही ओठांनीच म्हणाले.

“आलो, बाबा,” ते भिंतीशी म्हणाले.

“ये, ये लवकर. साबण वाळतोय.”

“आलो.”

आतून काही वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग पुन्हा हाक, पहिल्यापेक्षा लहान. चिरंजीवांनी पाऊल उचललं, चौकटीपर्यंत नेलं आणि परत घेतलं. तिसरी हाक आली नाही.

“नाही येणार तो,” बाबा आतल्या रिकाम्या खोलीला म्हणाले. “रागावलाय. तुम्ही करा पुढे.”

चिरंजीवांनी बाहीनं डोळे पुसले, कारागिराला शोभेल असा चेहरा केला आणि आत गेले. डाव्या गालावरचा साबण खरंच वाळला होता. त्यांनी तो ओल्या फडक्यानं काढला, नवा फेस केला आणि कातडी अंगठ्यानं ताणली.