तीन बोटं कमी

"अहो मास्तर, हा पडदा आहे की परकर? खालून आख्खी मांडी ठोकून बसलेली माणसं दिसतात रस्त्यावरून!"

दातांच्या डॉक्टरीणबाई गच्चीच्या दाराचा पडदा हातावर टाकून दुकानाच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. पडदा जमिनीपासून तीन बोटं वर राहिला होता. मांडी ठोकून बसलेली माणसं त्यातून दिसणं शक्य नव्हतं, पण रागावलेल्या माणसाशी हिशेब करण्यात अर्थ नसतो. मास्तरांनी पडदा हातात घेतला.

"माप माझंच चुकलं, ताई. वय झालं आता. उद्या पट्टी जोडून देतो."

हे त्यांनी जरा मोठ्यानेच म्हटलं, आतल्या खोलीत ऐकू जावं म्हणून. आतलं शिलाई मशीन थांबलं होतं.

मास्तरांनी घरोघरी जाऊन मापं घ्यायची आणि मास्तरीणबाईंनी आतल्या खोलीत कापून शिवायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा संसार. दोघांत टेप एकच. सकाळी ती मास्तरांच्या गळ्यात जायची आणि ते परत येईपर्यंत बाई कात्री हातात धरून धुमसत बसायच्या. शेवटी लेकीलाच कीव आली. मागच्या खेपेला तिने आईसाठी नवीकोरी टेप आणली. "आता बाबांची वाट बघायला नको," म्हणाली. बाई खूश झाल्या. आणि त्यानंतर पडदे आखूड यायला लागले.

डॉक्टरीणबाई गेल्यावर मास्तर आत आले.

"मला पाठीशी घालू नका," बाई म्हणाल्या. "तुमचं माप कधी चुकलंय का आजवर? माझेच डोळे गेलेत."

"अगं, एखादा पडदा…"

"एखादा? गिऱ्हाईक तोंडावर बोलत नाही म्हणून मला कळत नाही होय?" त्यांनी कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे बोट केलं. शाळेच्या रंगमंचासाठी आलेली लाल मखमल होती ती. मुख्याध्यापकांनी मोजकंच कापड आणून दिलं होतं आणि मुलांचं नाटक तोंडावर आलं होतं. "त्याला मी कात्री लावणार नाही. दुसऱ्या कोणाला देऊन टाका. मी आपली यापुढे बटणं लावीन."

बटणं! बाईंच्या कात्रीचा करकर आवाज ऐकत मास्तरांनी जन्म काढला होता. ती कात्री गप्प झाली तर या घरात करायचं काय, हेच त्यांना सुचेना. खरं तर बाईंचे डोळे गेले असावेत असं त्यांनाही वाटत होतं. म्हणून तर ते गावभर स्वतःच्या नावावर चुका खपवत हिंडत होते.

"मग मी कापतो," ते म्हणाले.

"तुम्ही? तुम्हाला दुधाची पिशवी सरळ कापता येत नाही."

मास्तरांनी ऐकलं नाही. मखमल टेबलावर पसरली, गळ्यातली टेप काढून कडेला लावली, खडूने खूण केली. बाईंना दुसरीकडे बघवेना आणि इकडे बघवेना. शेवटी आपली टेप घेऊन त्या उठल्याच.

"खूण पुढे गेलीय, अहो."

"मुळीच नाही. साठ म्हणजे साठ."

"माझेही साठच आहेत. ते इथे येतात."

मग बाईंनी दोन्ही टेपा टेबलाच्या कडेपासून शेजारी शेजारी ताणून धरल्या. जुनी टेप चांगली दोन बोटं लांब निघाली. इतकी वर्षं ओढून ओढून ती सैल पडली होती, आणि मोजलं त्याच टेपेने कापलं तर टेप कितीही खोटारडी असली तरी पडदा बरोबरच बसतो. आता माप जुन्या टेपेचं होतं आणि कापणं नव्या टेपेचं.

"म्हणजे तो कापडवाला…" मास्तर म्हणाले.

"अगं बाई! मापात मारतो म्हणून जन्मभर त्याच्याशी भांडले मी!"

बाई मटकन खाली बसल्या. हसताहेत की रडताहेत ते मास्तरांना कळेना. दोन्ही चालू होतं.

"माझे डोळे धड आहेत, अहो."

"धड आहेत. आणि मी लोकांना खोटंच सांगत सुटलो, माझं माप चुकलं म्हणून."

"खोटं कुठलं? तुमचंच चुकलं होतं," बाईंनी पदराने तोंड पुसलं. "उठा, रंगमंच पुन्हा मोजायचाय."

"मी येतो ना जाऊन."

"आता मीही येणार."

शाळेत मास्तर शिडीवर चढले आणि बाईंनी खाली टेप ताणून आकडा असा खणखणीत वाचला की शिपाई डोकावून गेला.

परतताना दिवे लागले होते. बाई कधी माप घ्यायला बाहेर पडल्या नव्हत्या; शिवलेले पडदे घडी होऊन दुकानातून जायचे, पुढे ते कुठे लागले हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. मास्तर बोट दाखवत चालले होते.

"ते निळे, तुझे. कोपऱ्यावरच्या घरातले, तुझे."

"आणि ते वरचे?"

"तेही."

एका खिडकीखाली बाई थांबल्या. आतून कोणीतरी हात लांबवून पडदा ओढला. तो सरसर पुढे आला आणि खिडकीच्या चौकटीला खालपर्यंत टेकला, उजेडाची रेघसुद्धा बाहेर आली नाही.

"चला ना, उशीर होतोय," मास्तर म्हणाले.

"थांबा हो जरा," बाई म्हणाल्या, आणि मान वर करून बघत राहिल्या.