पाहुण्याचा चहा

सुगिनोआजी पाणी पीत नव्हत्या. प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, त्यासाठी बेल दाबावी लागते आणि मग आम्हाला धावत यावं लागतं. दुसऱ्याला त्रास द्यायचा म्हटलं की आजींच्या अगदी जिवावर यायचं. आमच्या वृद्धाश्रमातली निम्मी माणसं अशीच. आजींचे ओठ सुकले, दिवसाही गुंगी येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, आठवड्यात फरक पडला नाही तर इस्पितळात हलवू. या वयात हलवलेलं माणूस परत येतंच असं नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

यावर आमच्या संचालकांनी काय आणावं, तर मारू. गुडघ्याएवढा गोल रोबो. खोल्याखोल्यांतून फिरतो, डोळे मिचकावतो आणि गोड आवाजात पाणी प्या म्हणतो. माझा तिळपापड झाला. दोन बायका कामावर घ्या म्हणून मी वर्षभर कानीकपाळी ओरडतेय आणि आलं काय, तर हे खेळणं. आजी त्यालाही वाकून म्हणायच्या, आभारी आहे, नंतर घेते. मला म्हणायच्या तेच.

एकदा त्याचं चाक आजींच्या पलंगाजवळ अडलं. काढायला गेले, तर आजी उठून बसलेल्या आणि दोन पेल्यांत हिरवा चहा ओतत होत्या. जन्मभर गरम झऱ्यापाशी लॉज चालवलेली बाई ती. दारी आलेल्याला चहाशिवाय सोडणं तिला माहीत नव्हतं.

"आजी, तो पीत नाही," मी म्हटलं.

"कळतं हो मला. देव्हाऱ्यातल्या फोटोतले आमचे हेसुद्धा पीत नाहीत. म्हणून काय ठेवायचा नाही?"

देव्हाऱ्यात गेलेल्या माणसापुढे ठेवलेलं नंतर घरच्यांनीच संपवायचं, अशी आमच्या जपानातली रीत. आजींनी पाहुण्याला सोबत म्हणून आपला पेला घेतला आणि जरा वेळाने त्याच्यापुढचाही संपवला.

दुसऱ्या दिवसापासून मीच मारूला सकाळ-दुपार त्यांच्याकडे नेऊन बसवू लागले. त्याचा पाण्याचा उपदेश तेवढा बंद करून घेतला. पाहुण्याने यजमानाला शहाणपण शिकवू नये.

शनिवारी आजींच्या खोलीतली बेल वाजली. ती कधीच वाजत नसे. पडल्या की काय, म्हणून मी जीव मुठीत धरून धावले. आजी पलंगाच्या कडेला नीट बसल्या होत्या, समोर मारू.

"ओबाताबाई, त्रास देतेय. पाहुण्याच्या नादात चहा जास्त झाला. जरा बाथरूमपर्यंत न्याल?"

मला रडूच फुटलं. हात देऊन त्यांना उठवलं. दारापाशी त्या थांबल्या आणि मारूकडे वळून म्हणाल्या, "बसा हं. आलेच मी."