‘वाचून पाहिले’

“ही ओळ काढली की मशीन चार टक्के जास्त पळतं, इंजिनियरसाहेब,” राद्का म्हणाली. “आणि तुम्ही म्हणता, नको.”

ब्रनोच्या त्या कचेरीत बाकीचे खाली मान घालून कॉफी ढवळत बसले. क्वेतोस्लाव हा कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, सर्वांत जुना राखणदार. राद्का त्याच्याच हाताखाली शिकली आणि आता त्याची साहेब झाली होती.

त्याने पुन्हा समजावले. ती ओळ कंपायलरला, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला, बजावते, की कर्नलच्या कोडमध्ये प्रोसेसरचे मोठे कप्पे वापरायचे नाहीत. त्यांत चालू प्रोग्रॅमचे अर्धवट आकडे पडलेले असतात, आणि कर्नल मध्येच येतो तेव्हा ते जपून ठेवत नाही. कुणाचे गणित अर्धे असताना त्याची पाटी पुसून आपले लिहावे, तसे होईल. मशीन बंद पडणार नाही, उत्तर तेवढे चुकेल.

“चाचण्यांत एकदाही चुकलं नाही.”

“चाचण्यांत आपण वेगच मोजला, राद्का.”

कोणीतरी हसले. त्याने मग हाच धोका मांडून वरिष्ठांना पाच पानी पत्र लिहिले. उत्तर आले नाही, पण पाठीमागे त्याला ‘हँडब्रेक’ म्हणू लागले.

तिथली रीत अशी, की राखणदाराने बदलाखाली ‘वाचून पाहिले’ लिहून नाव घातल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. राद्का तीन आठवडे रोज त्याच्या टेबलाशी येई. शेवटी म्हणाली, “पोरांना काय सांगू? तुमच्या निवृत्तीची वाट बघा म्हणून?” ते त्याच्या वर्मी लागले. त्याने नाव घातले. भेकडपणाच तो, दुसरे काय.

पाच महिन्यांनी हाच कर्नल वापरणाऱ्या एका इस्पितळात किरणोपचाराच्या मात्रा चुकल्या. मशीन एकदाही अडले नव्हते. दोन बायकांना जास्त मात्रा गेली, त्यातली एक वाचली नाही.

चौकशीला वकीलबाई आल्या. आत जाण्याआधी राद्काने त्याला बाजूला घेतले. पत्र पुढे करा, तुम्ही सुटाल, माझं मी बघेन, असे म्हणताना तिचे डोळे सुजलेले होते. ते पत्र आज पहिल्यांदा कुणाला तरी हवे होते.

वकीलबाईंनी पाचही पाने वाचली. “हे तुम्हीच लिहिलंत ना? मग तुमचा दोष कुठे?”

“पत्र सप्टेंबरचं आहे, बाई,” क्वेतोस्लाव म्हणाला. “बदलाखालचं नाव ऑक्टोबरचं. ज्याला ठाऊक नव्हतं त्याने नाव घातलं असतं, तर चूक म्हणता आली असती. मला ठाऊक होतं.”

बाईंनी दोन्ही तारखा लिहून घेतल्या आणि त्याचे पूर्ण नाव विचारले. त्याने ते सावकाश, नीट लिहिता येईल असे सांगितले.